दोन मीटर जास्त

पडदा परत आला तेव्हा सोबत एक फोटो होता. रंगमंचाच्या एका बाजूला दोन मीटरची फट, आणि खाली फळ्यांवर मखमलीचा ढीग. धाकट्याने थोरल्याची विजार चढवावी तसा.

फोटो आधी भाचीच्या हातात आला. मामांच्या कारखान्यात नाटकाचे पडदे शिवले जात आणि परदेशी पत्रं वाचायचं काम तिच्याकडे होतं. तिने स्पॅनिशची पदवी घेतली होती. हे पत्र आलं होतं इटालियन नाटक मंडळीचं, आणि ती तेव्हाच म्हणाली होती, "मामा, ही भाषा मला येत नाही."

"अगं, एकाच आईच्या लेकी त्या. तूच सांगतेस ना, सगळ्या लॅटिनपासून झाल्या म्हणून? एका पानासाठी बाहेरचा माणूस कशाला?"

"आई आणि मावशीही एकाच आईच्या. आई 'घरचंच समज' म्हणाली की पाहुणा पाय पसरून बसतो, मावशी म्हणाली की उठून भांडी घासायला लागतो."

मामा हसले होते आणि पत्र तिच्या टेबलावर ठेवून गेले होते.

पत्र सोपं वाटलं होतं, तिथेच घात झाला. पडदा जुन्यासारखाच हवा, फक्त दोन मीटर जास्त 'लार्गो'. स्पॅनिशमध्ये लार्गो म्हणजे लांब. तिने तसं लिहून दिलं, कारखान्याच्या शिंपीमास्तरांनी तसं शिवलं.

आता तिने कोश काढला. इटालियनमध्ये लार्गो म्हणजे रुंद. पोर्तुगीजमध्ये रुंद, फ्रेंचमध्ये त्याच घरातला शब्द, तोही रुंद, रुमानियनमध्येही तेच. तिने चार वर्षं घालवून नेमकी वेगळं बोलणारी बहीण शिकून घेतली होती. मूळ लॅटिन शब्द तर लांबही नव्हता आणि रुंदही नव्हता. भरपूर, सढळ हाताचा, असा त्याचा अर्थ. तिने कोश आपटून मिटला.

मास्तर पडदा पसरून त्यावर हात फिरवत होते. "खालून दोन मीटर कापायचं, दोन पट्ट्या करायच्या आणि दोन्ही कडांना उभ्या लावायच्या. कापड पुरतं. पण मखमलीची लव आडवी होईल. दिव्यात रंग वेगळा दिसणार."

"त्याच रंगाचं नवं कापड?"

"एका वेळी रंगवलेला तो घाणा संपला. दुसऱ्या घाण्याचा रंग तंतोतंत येत नाही."

"लोक नाटक बघतील की लव?" मामा म्हणाले. "कापा."

"त्यांना आधी विचारूया," भाची म्हणाली.

"कोणत्या भाषेत विचारणार आहेस?"

ती मास्तरांच्या शेजारी जमिनीवर बसली आणि कडेची शिवण उसवू लागली. दोन दिवस दोघं टाके काढत होती. बोटं हुळहुळी झाली.

"त्या शब्दाचा अर्थ शेवटी काय निघाला?" मास्तरांनी विचारलं.

"मुळात? उदार."

"मग कोणी लांबीत उदार झालं, कोणी पन्ह्यात," मास्तर म्हणाले आणि पुढचा टाका कापला. एरवी ती हसली असती.

पडदा दुरुस्त होऊन गेला, पण पहिला प्रयोग हुकला होता. तीन आठवड्यांनी मंडळीचं पत्र आलं. भाचीने ते उघडलं आणि तडक शहराच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या, इटालियन शिकवणाऱ्या बाईंकडे नेलं. परत येऊन ती मामांसमोर उभी राहिली.

"कडा वेगळ्या दिसतात, असं लिहिलंय. पुढचं काम ते दुसऱ्यांना देणार आहेत."

मामांनी पत्र हातात घेतलं, आपल्याला वाचता येत असल्यासारखं वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि परत तिच्यापुढे सरकवलं.

"नीट बघ," ते म्हणाले. "उलटाही अर्थ असेल."