भरला म्हणजे काय

नऊ वर्षं मी कोर्टाच्या मुद्देमालाची खोली सांभाळते. जप्तीचं सोनं, नोटा, चाकू, सगळं माझ्या किल्लीखाली. एक सील इकडचं तिकडे झालेलं नाही. पण मी कंत्राटी. कायम व्हायचं तर विश्वासाचं पद म्हणून आधी चौकशी होते.

आज चौकशी अधिकाऱ्यांनी बोलावलं. नवऱ्याच्या ऑपरेशनचं कर्ज थकलंय, ते मी स्वतःच चौकशीच्या फॉर्मवर लिहिलं होतं.

"कर्जाचं बघता येईल, तुम्ही लपवलं नाहीत," ते म्हणाले. माझ्या जिवात जीव आला. मग त्यांनी पुढच्या ओळीवर बोट ठेवलं. 'आयकर रिटर्न भरले आहे का?' समोर माझ्याच अक्षरात 'होय'.

"चार वर्षांत एकही भरलेलं नाही."

"साहेब, दरमहा पगारातून कापून जातो की!"

"तो कर भरला. रिटर्न नाही भरलं. म्हणजे ही खोटी माहिती. तुम्ही अपात्र."

पैसेही भरायचे आणि कागदही भरायचा! त्या एका मेल्या शब्दानं माझा गळा धरला. "आजच्या आज भरते, दंडासकट," मी हात जोडले. घरी माणूस अंथरुणाला खिळलाय, हेही बोलून गेले. त्यांनी फाईल मिटली.

मी किल्ल्यांचा जुडगा त्यांच्या टेबलावर आपटला.

त्यांनी तो घाईघाईनं माझ्याकडे सरकवला. "अहो, नवीन माणूस येईपर्यंत राहू द्या तुमच्याकडेच. इथं दुसऱ्या कुणावर भरवसा ठेवायचा?"