कफनीतला ड्रॅगन

टण्ण करून डब्याचं झाकण फरशीवर पडलं, गरागरा फिरलं आणि चुलीपाशी जाऊन थांबलं. मी श्वास धरून पाळण्याकडं बघितलं. धाकटी नुकतीच निजली होती. ती हलली नाही. पुढच्या खोलीत आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, कूस बदलून पुन्हा घोरायला लागल्या.

"मल्लू, चहा सांडलास?"

"न्हाय. ह्याला बघत होतो."

माझ्या भावानं हैदराबादेहून आणलेला चहाचा पत्र्याचा डबा. त्यावर एक सोनेरी जनावर होतं. अंग सापाचं, पाय चार, लांब मिशा आणि तोंडातून जाळ. मल्लूचे वडील, अण्णा, संध्याकाळी घरी आले तेव्हा त्यांनी नाव सांगितलं. ड्रॅगन. जर्मन-जपानच्या लढाईच्या दिवसांत चीनच्या बातम्यांबरोबर पेपरात त्याचं चित्र यायचं म्हणे.

"चावतो का?" मल्लूनं विचारलं.

"ज्याचा असतो त्याला चावत नाही. त्याची राखण करतो."

हे अण्णांनी मनानंच जोडलं असावं. पण मल्लू डबा मांडीवर घेऊन बसला, तो जेवायलाही उठेना.

"असला एक मला पाहिजे. खिशात बसंल एवढा. मठात न्यायला."

अण्णांनी माझ्याकडं बघितलं नाही. मीही बघितलं नाही.

मल्लू सहा वर्षांचा होता आणि पंधरा दिवसांनी येणाऱ्या सोमवारी तो मठाचा होणार होता. आमचं घर जंगमाचं. नळदुर्गापलीकडच्या एका मठाची गादी आमच्याच घराण्यात चालत आलेली. आताचे महाराज म्हणजे माझ्या सासऱ्यांचे धाकटे भाऊ. ते आता थकले होते. मार्गशीर्षात ते आमच्या गावी, वाशीला आले, मल्लूला मांडीवर घेतलं, त्याचा तळहात बघितला आणि अण्णांना म्हणाले, "शांतलिंग, हा आमचा." अण्णांनी हात जोडले. मी दारामागं होते. मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय म्हणाले असते, तेही मला धड ठाऊक नाही.

मठाची रीत अशी, की मूल उंबऱ्याबाहेर अंघोळ करतं, घरचे कपडे तिथंच टाकतं आणि कफनी घालून आत जातं. घरचं काही आत न्यायचं नाही. मला हे माहीत होतं. तरी दुसऱ्या दिवशी दुपारी मी मल्लूच्या सदऱ्याच्या खिशाचं माप घेतलं. चार बोटं उंच, तीन बोटं रुंद.

क्रोशाची सुई मला मागच्या घरच्या खैरुनबीनं धरायला शिकवली होती. ती टोप्या विणायची. लढाई संपली तरी बाजारात चांगलं सूत मिळत नव्हतं, पण तिच्याकडं पांढरी रिळं होती, त्यातलं एक तिनं दिलं. ड्रॅगन कसा विणायचा हे कुणालाच येत नव्हतं. मग मी टोपीसारखीच सुरुवात केली. सहा साखळ्यांचं कडं, त्यावर खांब, मग दर फेरीला थोडे वाढवत गेले. ते झालं डोकं. पुढं टाके कमी करून मान, पुन्हा वाढवून पोट.

खैरुनबी कुंपणावरून डोकावली आणि तोंडाला पदर लावून हसायला लागली. "अय्यो गे, टोपी में से दुम निकली! ये पहनेगा कौन?"

"पंख कसे करू, ते सांग आधी."

तिनं टोपीच्या काठाची नक्षी असते तसे दोन पंख सुटे विणून दिले. डोळ्यांचं मात्र म्हणाली, "आँखाँ तू लगा. जानदार की आँखाँ मेरेकू नक्को." जिवंत प्राण्याचं रूप घडवणं तिच्या धर्मात चालत नव्हतं. मग मी काळ्या पोतीतले जादाचे दोन मणी लावले. पोटात कापूस भरला.

हे सगळं धाकटी निजली की. कधी अर्धा तास मिळायचा, कधी दोन फेऱ्या. एकदा तर एक पाय विणला आणि ती उठली. तिला पाजताना बघितलं, तर पाय उलटा लागला होता. तो तसाच ठेवला.

मल्लूला सोनेरी पाहिजे होता. हळदीच्या पाण्यात बुडवला तर छान पिवळा झाला. वाळत घातला, तिथं धाकटीनं त्यावर दूध ओकलं. मी साबणानं धुतला, आणि पोटावर हा एवढा लालभडक डाग उठला. हळदीला साबण चालत नाही हे मला काय सांगायला पाहिजे? पण घाईत लक्षात राहिलं नाही. मला रडू आलं.

मल्लू म्हणाला, "तोंडातली आग पोटातच असणार की."

शुक्रवारी मठातून कफनीचं कापड आलं. पहिली कफनी आईनं शिवायची असते. भगवं, जाड कापड. मी बेतलं, बाजू जोडल्या, गळा केला, आणि तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. कफनीला खिसा नसतो. मी माप घेतलं सदऱ्याचं. सदरा तर उंबऱ्याबाहेर पडणार.

कफनी मांडीवर आणि ड्रॅगन हातात घेऊन मी तशीच बसून राहिले. आत्याबाई कधी आत आल्या, कळलं नाही.

"हे काय पालीचं पिल्लू?"

लपवायला उशीर झाला होता. मी सांगितलं.

"घरचं काही आत न्यायचं न्हाय. ठाऊक हाय न्हवं?"

"ठाऊक आहे, आत्याबाई."

"मग ती कफनी कशानं शिवायलीस? घरच्याच दोऱ्यानं की." त्या माझ्याजवळ खाली बसल्या आणि कफनी उलटी केली. "हितं खिसा लाव. काखेखाली, आतून. तिथं कुणाचा हात जात न्हाय. महाराजांच्या पहिल्या कफनीला माझ्या सासूनं लावला होता. गुळाचा खडा ठेवायला."

"आपल्या महाराजांच्या?"

"मग काय! मुंग्या लागल्या अन् सापडलं. तुझ्या ह्या पिल्लाला मुंग्या लागायच्या न्हायत, एवढं बरं हाय."

हसत हसत त्यांनी डोळे पुसले. महाराज मठात गेले तेव्हा त्या ह्या घरात नवीन सून होत्या. उठताना म्हणाल्या, "शिवगंगा, टाके बारीक घाल."

मी बारीक घातले.

रविवारी दुपारी मल्लूला कफनी घालून बघितली. खाली चार बोटं जास्तच झाली होती, ती दुमडली. त्यानं काखेत हात घालून ड्रॅगन चाचपला, दोनदा काढला, दोनदा ठेवला. मग उद्या काय काय होणार ते विचारायला लागला. मी सांगत गेले. अंघोळ, भस्म, मग गादीशेजारच्या पाटावर बसायचं. मग सगळे येऊन पाया पडतील.

"अण्णाबी?"

"अण्णासुद्धा."

"आज्जीबी?"

"आज्जीसुद्धा."

त्याला हसू आलं. आज्जी कशी वाकणार हे त्यानं पाठ धरून करून दाखवलं. मग थांबला.

"अन् तू?"

"मीसुद्धा."

"महाराज पाया पडलेल्याला आशीर्वाद देतेत. ज्याला जे पाहिजे ते. धोंडप्पाला म्हणले, बैल बरा होईल."

"हो."

"मग तू वाकलीस की म्या काय म्हणू, माय? तुला काय पाहिजे?"