बासष्ट नंबरचं पाणी

अलका जन्मजात घाईची. एक शीत दाबून बघायचं आणि पातेलं उतरवायचं, असा तिचा खाक्या. तापीकाठच्या दोन गावांच्या पाणी सोसायट्या त्या साली एक झाल्या, आणि दोन्हींच्या सभासदांची मिळून एक यादी कॉम्प्युटरवर चढवायचं काम सिंधीपुऱ्यातल्या ह्या पोरीला मिळालं. आता दोन्हीकडे एक नंबरचा सभासद होता, दोन नंबरचाही होता. नंबर जुळवत बसतंय कोण? तिनं नावावरून शोधणारा प्रोग्राम लिहिला. स्वतःचं नाव, बापाचं नाव, आडनाव. तिन्ही जुळली की तिथेच थांब, पुढे बघू नकोस, त्याच्यासमोरचा व्हॉल्व्ह नंबर पाणी सोडणाऱ्याच्या चिठ्ठीवर छाप. चिठ्ठी अशी झटकन निघायची की अध्यक्ष नंदकुमारजी येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून दाखवायचे.

मे महिन्यातल्या एका दुपारी मनकर्णाबाई कडेवर पोर घेऊन ऑफिसात शिरली. खुर्ची दिली तरी बसेना.

"ताई, आमचं पानी कुठी गेलं? बोर्डावर तीनदा नाव लागलं, तीनदा मालक फावडं घेऊन बांधावर उभे राहिले. थेंब नई आला!"

"नाव काय त्यांचं?"

"लोटू भाईदास चौधरी."

अलकानं बटण दाबलं. नाव लगेच आलं. "पाणी तर तीनदा सुटलंय, बाई. कॉम्प्युटर खोटं बोलत नाही."

"मग मी बोलते का? केळी निसवलीय, घड बाहेर पडलेत. आज पानी नई भेटलं तर उभी बाग आडवी होईल. चल, आपल्या डोळ्यानं बघ!"

अलकानं स्कूटीची किल्ली उचलली. पण चूक आपली असेल असं कुणाला वाटतं? पाणी सोडणारा गोटू पाटकरी, त्यानंच भलत्याच्या शेतात पाणी वळवलं असणार, हे तिनं उभ्या उभ्या ठरवूनही टाकलं. पुन्हा तेच एक शीत!

गोटू बाहेर पिंपळाखाली बसला होता. "चिठ्ठीवर होतं तेच केलं. सतरा नंबर," तो म्हणाला आणि सायकलवर टांग टाकून निघाला. मागे स्कूटीवर अलका आणि मनकर्णाबाई.

सतरा नंबर म्हणजे नाल्याकाठचं एक पडीक वावर. आजूबाजूचं रान भाजून निघालेलं आणि इथे गुडघाभर हिरवं गवत! मधोमध पाणी साचलेलं, त्यात कुणाच्या तरी दोन म्हशी खुशाल बसलेल्या. मनकर्णाबाई बांधावरच थबकली.

"अगं माय! हे तर आमच्या आजेसासऱ्याचं वावर. लोटू भाईदास. त्यांना जाऊन वीस वर्षं झाली."

"पण लोटू तर तुमचे मालक ना?"

"नातवाला आजाचंच नाव ठेवतात आमच्यात. आजा लोटू, त्याचा पोरगा भाईदास, भाईदासचा पोरगा परत लोटू. आजाचा बापही भाईदासच होता."

अलकाला भर उन्हात काटा आला. ह्या गावची जुनी यादी, मेलेल्यांच्या नावांसकट, तिनं आधी चढवली होती. तिचा प्रोग्राम दर वेळी मेलेल्या आजोबापाशी थांबत होता. जिता नातू, बासष्ट नंबरच्या व्हॉल्व्हचा, त्याच यादीत दीड हजार नावं खाली होता, आणि तिथवर कुणी गेलंच नव्हतं.

"गोटूदादा, हे पडीक आहे हे दिसत होतं ना तुम्हाला? मग बोलला का नाहीत?"

"पहिल्याच खेपेला आलो होतो सांगायला. तुम्ही म्हणाल्या, तुम्ही व्हॉल्व्ह बघा, कॉम्प्युटर मी बघते."

म्हणाली होती. मान वर न करता म्हणाली होती. मेल्याहून मेल्यासारखं झालं तिला.

ऑफिसात परत आल्या तेव्हा घड्याळात साडेचार वाजले होते आणि पंप पाचला सुरू व्हायचा. अलकानं प्रोग्राममधलं ते 'थांब' काढलं. जुळतील तेवढे सगळे दाखव, असं लिहिलं. पडद्यावर नावं उतरायला लागली ती थांबेचनात. तेवीस घरं. एका घरी तर तीन-तीन लोटू.

नंदकुमारजींनी दार लोटून घेतलं. "ह्या बाईला उद्या गुपचूप एक पाळी देऊन टाका. बाकीच्यांना कशाला सांगायचं? बदनामी होईल."

"उद्या तिची बाग नसेल," अलका म्हणाली. तिनं खडू घेतला आणि बाहेरच्या बोर्डावर तेवीस नावं लिहिली. खाली लिहिलं: ह्यांचं पाणी चुकलं, चूक अलकाची. मग वळून म्हणाली, "आज तुमची पाळी आहे, नंदकुमारजी. तुमच्या मळ्यात विहीर आहे. आजची पाळी बासष्टला द्या, नाहीतर आत्ताच मला काढून टाका."

बोर्डापुढे तोवर माणसं जमली होती. सगळ्यांदेखत नाही म्हणायची अध्यक्षांची छाती झाली नाही.

सव्वापाचला बासष्ट नंबरच्या पाटात पाणी आलं. लोटू फावड्यानं पाटाची दारं मोडत, पाणी ओळीओळीत वळवत पुढे पुढे गेला. निम्मी झाडं आधीच वाकली होती, ती काही उठणार नव्हती. अलका चिखलात उभी राहून शेवटच्या ओळीपर्यंत बघत राहिली. मनकर्णाबाईनं पोराला पाण्यात सोडलं, तसं ते थपथप हात मारायला लागलं.

"काय नाव याचं?" अलकानं विचारलं.

"भाईदास लोटू. सासऱ्याचंच ठेवलंय. सासरेही आहेत तुझ्या यादीत." मनकर्णाबाई हसली नाही. "ताई, हा मोठा झाल्यावर याचं पानी याला भेटेल ना?"

'हो' अगदी ओठांवर आलं होतं. अलकानं ते गिळलं.

"आज नाही सांगत, बाई. सगळी यादी शेवटपर्यंत बघते, मग सांगते."