साडेपंधराची कॉलर

मास्तरांच्या दुकानात शिलाई मशिनं दोन, आरसा एक, आणि उरलेली सगळी जागा मास्तरांच्या तोऱ्याने व्यापलेली. चौतीस वर्षं शर्ट शिवत होते. गिऱ्हाईक पायरी चढून आत येईपर्यंत त्याचं माप डोळ्यांनी घेऊन मोकळे व्हायचे. टेप लावायचे ते फक्त गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी. सख्ख्या धाकट्या भावाला टेप लावणं तर त्यांना स्वतःचा अपमान वाटायचा. "त्याचं काय मोजायचंय? गळा साडेपंधरा. झोपेतून उठवून विचारा," म्हणायचे.

धाकटा एका हॉटेलात रिसेप्शनवर होता. तिथे गळ्याशी बटण लावून टाय बांधावाच लागे. त्यामुळे त्याचा शर्ट म्हणजे नुसतं अंगात घालायचं कापड नव्हतं, त्याची नोकरीच त्या वरच्या बटणावर टांगलेली होती. एके दिवशी सकाळी तो नवा शर्ट पिशवीत घेऊन दुकानात आला आणि टेबलावर टाकून म्हणाला, "दादा, हात बिघडला तुझा. कॉलर आवळतेय."

मास्तरांना हे असं झोंबलं की काही विचारू नका. "तुझी मान जाड झाली असेल, बसून बसून."

"मान कशाने जाड होईल? पॅन्ट तर सैल होतेय माझी," धाकटा म्हणाला आणि खोकत खोकत निघून गेला. खोकला त्याला दोन महिने होता. रिसेप्शनच्या एसीचा खोकला, असं त्याने स्वतःच ठरवून टाकलं होतं. सिगारेट अकरा वर्षांपूर्वी सोडली होती, त्यामुळे त्या बाजूने तो अगदी निर्धास्त होता.

तो गेल्यावर मास्तरांनी दार लोटलं, चष्मा पुसला आणि शर्ट उजेडात धरला. नजर कमी झाली असेल का आपली? कात्री वाकडी गेली असेल का? हे कोणाला कळता कामा नये. त्यांनी कॉलरचं बटण उसवलं, अर्धा इंच कडेला सरकवून पुन्हा लावलं आणि इस्त्री फिरवली. संध्याकाळी धाकटा आला तेव्हा म्हणाले, "कापडाला स्टार्च होता. धुतला, आता घाल." बटण लागलं. धाकटा खूश, मास्तर सुटले.

तीन आठवड्यांनी धाकटा आणखी दोन शर्ट घेऊन आला. हे दोन्ही दोन वर्षांपूर्वीचे, वापरून मऊ झालेले. मास्तरांनी स्वतःच शिवले होते आणि दोन वर्षं भावाच्या गळ्याला ते बिनतक्रार बसले होते. आता मात्र कात्रीला दोष देता येईना. मनात आलेली शंका मास्तरांनी तिथल्या तिथे दाबली. जुनं कापड, धुऊन धुऊन आटलं असेल, असं मनाशी म्हटलं आणि दोन्ही बटणं सरकवली. आटलेल्या कापडाची बाही आखूड होते, हे चौतीस वर्षांच्या कारागिराला कोणी शिकवायला नको. बाह्या त्यांनी मोजल्या नाहीत.

त्याच सुमारास धाकट्याच्या बायकोने दुकानात येऊन विचारलं, "भाऊजी, ह्यांचा चेहरा सकाळी सुजल्यासारखा दिसतो का हो? बूट बांधायला वाकले की डोकं जड होतं म्हणतात. आवाजही बसलाय. डॉक्टरचं नाव काढलं की अंगावर येतात माझ्या."

"पन्नाशी आली की होतं असं," मास्तर म्हणाले. त्यांनी मान वर केली नाही, मशीन चालू ठेवलं.

तिसऱ्या खेपेला बटण सरकवायला कॉलरवर जागाच उरली नाही. आणखी पुढे नेलं असतं तर टायमागून बाहेर डोकावलं असतं. तेव्हा कुठे मास्तरांनी टेप काढला. "उभा राहा. नवे शिवू."

गळा सव्वासतरा. कंबर मात्र दोन इंचांनी कमी. छातीचं माप घ्यायला शर्ट काढायला लावला, तर गळ्याखालून छातीवर निळ्या शिरा पसरलेल्या. एवढ्या वर्षांत मास्तरांनी सुटलेली पोटं पाहिली होती, झडलेले खांदे पाहिले होते. पण माणूस खाली वाळतोय आणि गळा तेवढा फुगतोय, असं माप त्यांनी एकदाही घेतलं नव्हतं. त्यांनी टेप पुन्हा गळ्याला लावला, सव्वासतराच.

"काय रे? भूत पाहिलंस का?" धाकटा म्हणाला.

"डॉक्टरकडे चल. आत्ता."

"वेडा झालास का? दोन वाजता ड्युटी आहे माझी. शर्ट दे."

मास्तरांनी शर्ट घडी घालून बुडाखाली घेतला आणि स्टुलावर बसले. "जा की उघडा ड्युटीवर." धाकट्याने आरडाओरडा केला, शिव्या घातल्या, मग खोकल्याची उबळ आली आणि धाप लागून तोही खाली बसला. अर्ध्या तासाने दोघे भाऊ दवाखान्याच्या बाकावर होते.

तिथून चाकं भराभर फिरली. त्याच दिवशी एक्स-रे, दुसऱ्या दिवशी मोठ्या हॉस्पिटलात स्कॅन, नळी घालून गाठीचा तुकडा काढला, आठवड्याने रिपोर्ट आला. डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि आडपडदा न ठेवता बोलत. त्यांनी पाठकोऱ्या कागदावर दोन फुप्फुसं काढली आणि मधोमध एक गोळा. "ही गाठ इथे आहे. डोक्याकडून हृदयाकडे रक्त परत नेणारी मोठी शीर हिच्या शेजारून जाते, ती हिने दाबलीय. रक्त खाली उतरत नाही, वरच तुंबतं. म्हणून चेहरा सुजतो, गळा फुगतो, वाकलं की डोकं जड होतं. हा फुप्फुसाचा कॅन्सर आहे, झपाट्याने वाढणारा. अजून छातीबाहेर गेलेला नाही. ऑपरेशन ह्यात करत नाही. केमो द्यायची, बरोबर रेडिएशन. औषधाला हा लवकर दाद देतो, पण परतूही शकतो. पूर्ण बरं व्हावं असेच उपचार करू. हमी देणार नाही."

"सिगारेट तर सोडली होती मी," धाकटा घोगऱ्या आवाजात म्हणाला.

"सोडली ते चांगलंच केलंत, धोका कमी झाला. संपत नाही तो. तीन आठवड्यांवर खोकला गेला तर दाखवायचं असतं. बरं, गळ्याची सूज कधीपासून आहे?"

"असेल पंधरा दिवस," धाकटा म्हणाला.

बाहेर आल्यावर मास्तर काहीतरी विसरल्याचं निमित्त करून एकटेच परत आत गेले. "बाई, पंधरा दिवस नव्हे. अडीच महिने. तेव्हाच आणलं असतं तर फरक पडला असता का?"

बाईंनी पेन खाली ठेवलं. "पडला असता. किती, ते मला सांगता येणार नाही. कोणालाच येणार नाही."

मास्तरांनी त्यानंतर चार दिवस मशीनला हात लावला नाही. जेवण जाईना. भावाला आपण मारलं, हे एकच वाक्य डोक्यात घुमत राहिलं. सांगितलं तर भाऊ तुटेल, न सांगावं तर आपण. पाचव्या दिवशी पहिली केमो होती. दुपारी वॉर्डात गेले तेव्हा धाकटा पलंगावर टेकून बसला होता, झोपलं की श्वास कोंडायचा म्हणून. नर्सने सुई लावून ठेवली होती, औषध यायचं होतं. बायको खालून पाणी आणायला गेली होती. मास्तरांनी स्टूल ओढलं आणि भडाभडा सगळं ओकून टाकलं. सरकवलेली बटणं, स्टार्चची थाप, न मोजलेल्या बाह्या, काही ठेवलं नाही.

"मला भीती वाटली रे. आधी स्वतःच्या डोळ्यांची. मग तुझ्या जिवाची," ते म्हणाले. "आणि मी गप्प राहिलो."

धाकटा छताकडे बघत होता. "दादा, बटण काढलं की जुन्या टाक्यांची भोकं कॉलरवर दिसतात. रोज आरशासमोर टाय बांधतो मी. आंधळा आहे का?"

"तुला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग बोलला का नाहीस, गाढवा?"

"बटण लागत होतं ना! लागतंय तोवर मी ठीक, डॉक्टरकडे जायला नको. एकदा खोकताना रक्त पडलं, तरी सकाळी बटण लागलं म्हणून गेलो कामाला. वाटलं, काही भलतंच असेल तर दादाच सांगेल. काही असल्याशिवाय तो माझं माप लपवणार नाही, हेही कळत होतं. मी तुझी वाट बघत होतो." त्याने नजर छतावरून मास्तरांकडे वळवली. "मीसुद्धा घाबरलो होतो रे."

मास्तरांनी त्याचा सुई नसलेला हात धरला आणि लहान मुलासारखे रडले. धाकटाही रडला. तेवढ्यात मागे काहीतरी वाजलं. धाकट्याची बायको पाण्याची बाटली घेऊन दारात उभी होती. कधीपासून, ते दोघांनाही कळलं नाही.

"रक्त कधी पडलं?" तिने विचारलं.

धाकट्याने मान फिरवली. "महिना झाला."

"महिना." ती एवढंच म्हणाली. मग दिराकडे वळली. "मी तुमच्याकडे आले होते, भाऊजी. तोंड उघडून विचारलं होतं."

नर्स औषधाची पिशवी घेऊन आली, स्टँडला अडकवली आणि म्हणाली, "आता एकाच नातेवाइकाला थांबता येईल. चार तास लागतील." मास्तर लगबगीने उठायला लागले.

"बसा," ती म्हणाली. "तुम्हीच बसा. तुमचं दोघांचं ठरलेलंच आहे, मला कुठे घेतलं होतंत त्यात?" तिने बाटली उशाशी ठेवली, नवऱ्याच्या पायांवरचं पांघरूण नीट केलं आणि बाहेर गेली.

काचेतून ती बाकावर बसलेली दिसत होती. पहिली पिशवी संपली, दुसरी लागली. मास्तरांनी दोनदा हाताने आत ये म्हणून खुणावलं. ती घरी गेली नाही, आणि आतही आली नाही.