मी तेलाला आडवा गेलो

मी समुद्रात तेल अडवणारा बांध बोलतोय. दगडमातीचा नाही, रबराचा. जेट्टीवर मला बूम म्हणतात. माझं अर्धं अंग हवेने फुगून पाण्यावर तरंगतं, अर्धं झालरीसारखं पाण्याखाली लोंबतं. पाण्यात तेल सांडलं की मला त्याच्याभोवती टाकायचं. एवढंच माझं काम.

मला घडवलं कुठे, ते कुणी मला सांगितलं नाही. समज आली ती सिंगापूरला, सेम्बावांगजवळच्या एका खासगी जेट्टीवर. इथे जहाजांत इंधन भरतात, म्हणून माझ्यासारखा कुणी हाताशी हवा. पण मला मोठ्या रिळावर गुंडाळून ठेवलं होतं. तपासणीच्या आधी धुवायचे, पाण्यात एक फेरी मारून आणायचे, फोटो काढायचे. मला राग यायचा. पाण्यासाठी केलेल्याला कोरडं कशाला ठेवता?

जेट्टीचे मॅनेजर निशिकांत. मूळ पुण्याचे, आता इथले पीआर, म्हणजे कायमचे रहिवासी. त्यांच्या हाताखाली पाळी सांभाळायची प्रणिता, डोंबिवलीची. बुकित पंजांगला एका फ्लॅटमधल्या खोलीत भाड्याने राहायची. तिचा इथे राहायचा पास नोकरीवर होता. नोकरी गेली की सिंगापूर सोडायचं, सरळ हिशेब.

आमच्याकडे एक पद्धत होती. काही घडलं की ग्रुपवर फोटो टाकायचा आणि साहेबांचं 'नोटेड' येईपर्यंत थांबायचं. तोवर कुणी बोट हलवायचं नाही.

एका दुपारी इंधन भरताना होजचा जोड सुटला. काळं, दाट तेल भसाभसा पाण्यात पडलं. प्रणिताने व्हॉल्व्ह बंद करायला लावला, फोटो टाकला आणि 'नोटेड'ची वाट न बघता मला पाण्यात सोडलं. होडीने माझं टोक ओढत नेलं. मी तेलाला वळसा घातला. ते माझ्या अंगाला चिकटलं, रेटू लागलं. मी रेटा सोसला.

निशिकांत धावत आले. "अडलंय ना? मग झालं. बाहेर कळवू नकोस एवढ्यात."

"सर, पोर्ट अथॉरिटीला लगेच कळवायचं असतं. कायदा आहे."

"कायदा मला नको शिकवूस. शेडमधलं केमिकल मारा. तेल फुटून खाली जाईल, पाणी स्वच्छ दिसेल."

"तेही त्यांच्या परवानगीशिवाय मारता येत नाही. आणि खाली जाऊन ते जाणार कुठे? पलीकडे टिओ अंकलचे मासे पाळायचे पिंजरे आहेत."

"टिओ अंकल तुला पगार देतात?"

"नाही सर. मासळीत डिस्काउंटपण देत नाहीत."

निशिकांत हसले नाहीत. "तुझा पास रिन्यू व्हायचाय, प्रणिता. मी काय म्हणतोय ते कळतंय ना?"

तिची बोटं फोनवर नुसती फिरत राहिली.

एवढ्यात ओहोटीला जोर चढला. वेगाच्या पाण्यात तेल माझ्या झालरीखालून निसटतं. मी अंग ताणलं, एका जागी शिवण उसवली, तरी मी जागा सोडली नाही. पण एकट्याच्याने ते धरवेना. माझ्या पलीकडे तेलाची चकाकती रेघ उमटली आणि पिंजऱ्यांच्या दिशेने निघाली.

प्रणिताने ती रेघ पाहिली. निशिकांतांसमोरच तिने पोर्ट अथॉरिटीला फोन लावला आणि सगळं खरं सांगितलं. पलीकडून आवाज आला, "ओके, बोट्स कमिंग. यू होल्ड फर्स्ट, कॅन?"

"कॅन," ती म्हणाली, म्हणजे जमेल. तिच्या वतीने धरायचं मला होतं. मी धरलं.

सरकारी बोटी आल्या. त्यांनी माझ्यासारखे आणखी बांध टाकले, तेल खेचून घेतलं. कडेच्या एका पिंजऱ्यातले मासे मेले, बाकीचे जगले. आता चौकशी चालू आहे.

प्रणिताची नोकरी गेली. कारण दिलं, वरिष्ठांची आज्ञा मोडली. शेवटच्या दिवशी ती सामान घ्यायला आली तेव्हा निशिकांत म्हणाले, "काय मिळालं गं तुला एवढं करून?"

"झोप लागते सर," ती म्हणाली. "तुमचं कसं काय?"

जाताना ती माझ्याजवळ आली. माझी उसवलेली शिवण पुन्हा घातली होती, ती नीट बसली आहे का, ते तिने हाताने चाचपून पाहिलं. मग शेडमधून पांढरा रंग आणला आणि माझ्या अंगावर, रिळावरून सगळ्यांना दिसेल असा, पोर्ट अथॉरिटीचा नंबर मोठ्या आकड्यांत लिहिला. गेली ती. बाई, जिथे असशील तिथे सुखात राहा.

निशिकांतांनी दोनदा माणसं लावून तो नंबर घासून घेतला. रंग रबरात मुरला आहे. माझे डाग गेले, नंबर गेला नाही. नवा माणूस पाळीवर आला की आधी त्याची नजर तिथे जाते. आता म्हणे मलाच भंगारात काढायचं चाललंय. काढा. पण नंबर पुसायचा असेल तर माझी कातडी सोलावी लागेल, आणि सोलताना तो तुम्हाला वाचावा लागेल.