राहिलेला एक महिना

एर्मेलिंदा पाणी समितीची अध्यक्ष झाली तेव्हा गावाला वाटलं, बाई कामाची आहे म्हणून निवडून आली. ती मात्र म्हाताऱ्या तिबुर्सिओसाठी उभी राहिली होती.

कामाची होतीच, त्यात वाद नाही. सांता रोसा अरीबा या डोंगरी गावाच्या नळांना आठव्या दिवशी पाणी यायचं, तेही तासभर आणि मातकट. दीड वर्षात तिनं झऱ्यावरची टाकी उपसून तिची भेग बुजवली, डोंगरावर दुसरी टाकी बांधून घेतली आणि गावाचे चार भाग पाडून प्रत्येकाला वेगळा व्हॉल्व्ह बसवला. एका गल्लीत पाइप फुटला म्हणून अख्ख्या गावानं कोरडं बसायचं, हा प्रकार तिनं संपवला. राहिला होता दोन किलोमीटरचा चर. तो तेकिओनं, म्हणजे गावाच्या सक्तीच्या श्रमदानानं, खणायचा होता. लाउडस्पीकरवर पुकारा झाला की प्रत्येक घरातून एका माणसानं फावडं घेऊन यायचं, मजुरी मागायची नाही आणि कुरकुरायचं नाही. इथली शाळा, पूल, चर्चची भिंत, सगळं असंच उभं राहिलंय.

सहा रविवार चर चालला. सहाही रविवार तिबुर्सिओच्या घरातून कोणी आलं नाही.

सातव्या रविवारी गावसभेत तो स्वतः आला, हॅट हातात घेऊन. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, पाठीतून वाकलेला. दोन्ही मुलं उत्तरेला, सरहद्दीपलीकडे गेलेली, परत न येण्यासाठी.

"पोरी, मी एक गडी लावतो," तो म्हणाला. "दोन लाव म्हणालीस तर दोन लावतो. माझ्यानं आता फावडं उचलत नाही."

"बसा, तिओ," गावाच्या रीतीनं त्याला काका म्हणत एर्मेलिंदा बोलली. "नोए, ते सत्तावीस वर्षांपूर्वीचं सभेचं बुक काढ. खूण घालून ठेवलीय बघ."

नोए शाळेत मास्तर आणि समितीचा चिटणीस. त्यानं पान उघडलं आणि खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली. "तेकिओला न येणाऱ्या घराचं पाणी एक वर्ष बंद. पैसे चालणार नाहीत. बदली माणूस चालणार नाही. वयाची सबब चालणार नाही. सही, अध्यक्ष..." पुढचं नाव त्यानं तोंडातल्या तोंडात वाचलं.

"मोठ्यानं वाच. ऐकू येत नाही तिओंना."

"तिबुर्सिओ," नोए म्हणाला.

त्या साली एर्मेलिंदा शहरात लोकांची धुणीभांडी करत होती. मालकिणीनं तेकिओसाठी रजा दिली नाही. तिची आई नातिविदाद त्रेसष्टची, विधवा, गुडघ्यांनी अधू. तीही म्हणाली होती की गडी लावते. तिबुर्सिओनं तिच्या दारातला व्हॉल्व्ह स्वतःच्या हातानं बंद केला आणि म्हणाला, नियम माझा नाही, गावाचा आहे. मग म्हातारी कपाळाला पट्टा लावून, पाठीवर घडा घेऊन झऱ्यावरून पाणी आणू लागली. अकरा महिने आणलं. बाराव्याच्या तोंडावर वळणावरच्या ओल्या खडकावरून घसरली, खुबा मोडला आणि नवव्या दिवशी गेली. एर्मेलिंदा पोचली तेव्हा मयताच्या मेणबत्त्यासुद्धा विझल्या होत्या. रजा न देणाऱ्या मालकिणीला ती केव्हाच विसरली. तिबुर्सिओला नाही.

"अध्यक्षबाई, म्हातारा मरेल हो," नोए हळूच म्हणाला.

"माझी आई मेली. तेव्हा तू पाळण्यात होतास, म्हणून तुला काही म्हणत नाही."

सभेत चुळबुळ झाली. तिच्या आईचं पाणी तोडताना वर झालेल्या हातांपैकी निम्मे हात आजही तिथेच, मांडीवर ठेवलेले होते. त्यांच्याकडे बघत ती म्हणाली, "वर्षभर नको. अकरा महिने माझ्या आईनं भरलेत. एक राहिलाय. तेवढा तिओंनी भरावा. त्यांना जो घागरभर पाणी देईल त्याचं पाणी बंद, तेही त्याच पानावर लिहिलंय. कोणाची हरकत?"

कोणाचीच नव्हती.

पहिल्या सकाळी तिनं आईचा पट्टा त्याच्या हातात दिला. घडा फुटला होता, पट्टा तिनं जपून ठेवला होता. त्यानं तो उलटसुलट करून पाहिला आणि कपाळाला लावला.

त्याच आठवड्यात नवे नळ सुरू झाले. रोज, ठरल्या वेळी, स्वच्छ पाणी. पोरं अंगणात भिजली, बायकांनी दारातली पिंपं पालथी घातली, बँड वाजला. एर्मेलिंदाला मेस्काल दारूचा पहिला पेला मिळाला. तो तिनं एका घोटात संपवला, पण तिचं लक्ष डोंगराच्या वाटेकडे होतं.

रोज पहाटे ती झऱ्यापाशी दगडावर बसून ताडाच्या पातीची हॅट विणायची आणि त्याला चढताना बघायची. तो धापा टाकायचा, बसायचा, पुन्हा उठायचा. तिला बरं वाटायचं. जेवण गोड लागायचं, झोप गाढ लागायची. असं वाटू नये असं तिला एकदाही वाटलं नाही.

तिसाव्या दिवशी ती वळणावरच्या खडकापाशी येऊन बसली होती, तिथं तो थांबला. घडा खाली ठेवून पट्टा काढला. कपाळावर लाल वळ उठला होता.

"इथंच पडली ना नातिविदाद?"

"इथंच."

"मी पाहिलं होतं," तो म्हणाला. "मागून येत होतो. मीच माणसं बोलावली, तिला घरी पोचवलं. नऊ दिवस मी तुमच्या दारावरून गेलो. शेजारणी तिच्यासाठी पाणी मागायच्या. व्हॉल्व्हची चावी माझ्या खिशात होती."

एर्मेलिंदाच्या हातातली पात तुटली. "मग?"

"मग काय. महिना बाकी होता."

तिला त्याला ढकलून द्यावंसं वाटलं. खडक ओला होता, आजूबाजूला कोणी नव्हतं, आणि म्हातारा अगदी कडेला उभा होता. तोही हलला नाही, बाजूला सरला नाही. ती हात पुढे घेऊन गेली आणि तिनं त्याच्या मुठीतला पट्टा ओढून घेतला.

मग ती गावात उतरली. त्याच्या दारात गुडघ्यावर बसून तिनं चावी फिरवली. आत नळ खाकरला आणि वाहू लागला. म्हातारा मागून रिकाम्या हातांनी पोचला, उंबऱ्याशी उभा राहून आवाज ऐकत राहिला.

"माफ केलंस का, पोरी?"

"नाही," एर्मेलिंदा म्हणाली. "महिना भरला."