शेवटच्या पानावरची नावं

कोसमटोल्याच्या मासेमारी संस्थेच्या खोलीला एक दार, एक खिडकी. दाराबाहेर ओसरीवर अकरा बाया ठाण मांडून बसलेल्या, खिडकीबाहेर तलाव, आणि आत कम्प्युटरसमोर गावोगावच्या संस्थांना याद्या करून देणारा चंद्रपूरचा नदीम शेख. सकाळपासून तो या खोलीत अडकून पडला होता आणि त्याची पाचावर धारण बसली होती.

खरं म्हणजे काल संध्याकाळच्याच बसनं तो वडशामार्गे चंद्रपूरला निघून जाणार होता. सभासदांची यादी छापून झाली होती, सेक्रेटरी धनराजभाऊंनी हार-नारळ देऊन कौतुकही केलं होतं. पण जंगलातल्या नक्षल्यांनी तीन दिवसांचा बंद पुकारला, रस्त्यावर झाडं आडवी पडली आणि बस आलीच नाही. ती आली असती तर स्वारी सुखानं घरी जाऊन झोपली असती आणि इथं कुणी कितीही बोंबललं तरी तिला पत्ता लागला नसता.

सकाळी यादी दारावर चिकटवली तेव्हा रजिस्टरात नावं एकशे त्रेचाळीस आणि यादीत एकशे बत्तीस निघाली. गळालेली अकराही नावं विधवांची होती. चार वाजता सभा होती. तलावाचे वाटे पाच वर्षांसाठी याच यादीवरून ठरायचे होते. यादीत नाव नाही, त्याला तलावात जाळं टाकता येणार नव्हतं. अकरा जणींच्या चुली त्या जाळ्यावर पेटत होत्या.

बायांना वाटलं, धनराजनंच नावं उडवली. धनराजभाऊंनी हात वर केले: कम्प्युटरनं केलं. तसं त्यांना फार वाईट वाटत होतं असंही नाही. त्यांच्या साळ्याला केव्हापासून वाटा हवा होता आणि आता आयती जागा झाली होती. नदीमनं खाली 'यादी बरोबर आहे' असं लिहून सही ठोकावी, एवढंच त्यांचं म्हणणं.

नदीमनं स्वतःच्या हातानं सगळी नावं टाइप केली होती. तपासलीही होती, पण कशी? रजिस्टरची पहिली दोन पानं यादीशी ताडून पाहिली, बरोबर निघाली, मिटलं रजिस्टर. आता या संस्थेची रीत अशी की सभासद वारला की त्याच्या नावावर लाल रेघ मारायची आणि त्याच्या बायकोचं नाव शेवटच्या पानावर नवीन ओळीत घ्यायचं. म्हणजे पहिल्या पानांवर सगळे पुरुष आणि शेवटी विधवा. शहाण्यानं शेवटचं पान उघडलंच नव्हतं.

ओसरीवरच्या बायांत पुढे बसली होती गोकुळा. तिचा नवरा इस्तारी याच तलावात बुडून गेला, त्याला सात वर्षं झाली होती. नदीमनं तिचं नाव रजिस्टरात पाहून पुन्हा टाइप केलं: गोकुळा बेवा इस्तारी मेश्राम. बेवा म्हणजे विधवा. इकडच्या कागदपत्रांत नवऱ्याच्या नावाआधी हा शब्द लावतातच. प्रोग्राम म्हणाला, जमा झालं. नदीमनं शोधलं तर नाव कुठेच नाही. चार वेळा टाइप केलं, चारही वेळा तेच. मग त्यानं एकेक शब्द काढून पाहिला. 'बेवा' काढताच नाव मुकाट्यानं जाऊन बसलं.

धनराजभाऊ मागून पाहतच होते. "बस झालं ना मग," ते म्हणाले, "तो शब्द काढून टाक अन् मोकळा हो."

नदीमला क्षणभर हायसं वाटलं. पण गोकुळा उठून दारात आली.

"तो शब्द नाई काढाचा," ती म्हणाली. "तो काढला का मंग उद्या हेच म्हनतीन, इस्तारीची हे कोन? तिचा हक्क कोन्या कागदानं?"

धनराजभाऊ तलावाकडे पाहू लागले. म्हणजे त्यांच्या मनात तेच होतं. नदीमला त्यांचा संताप आला आणि त्याहून जास्त स्वतःचा, कारण तो शब्द पुसायला त्याचं बोट कळीवर गेलंच होतं.

आता शोध घ्यायचा तो खोल जाऊनच. नदीमचा प्रोग्राम आणि डेटाबेस यांच्यामध्ये एक लायब्ररी होती, इकडची नावं तिकडे पोचवणारा निरोप्याच म्हणा. फुकटची होती, मासिकाबरोबरच्या सीडीवर आलेली, आणि तिचं सगळं पोट उघडं होतं. कुणीही आत डोकावावं, दुरुस्त करावं. नदीमनं ती दोन वर्षं वापरली होती आणि एकदाही डोकावलं नव्हतं. घड्याळात साडेदहा झाले होते. बाराला वीज जायची ती सहालाच यायची.

तासभर तो एकेक फाईल उपसत राहिला. सव्वाअकरानंतर घामानं शर्ट पाठीला चिकटलेला असताना ती ओळ सापडली. दूर देशातल्या कुणी लिहिणाऱ्यानं नावासाठी चौसष्ट खण ठेवले होते आणि शेजारी शेरा मारला होता की याहून मोठं नाव नसतं. त्याच्या गावात नसेलही. इंग्रजी अक्षराला एक खण पुरतो. देवनागरीत प्रत्येक चिन्हाला तीन लागतात, काना-वेलांटीलासुद्धा वेगळे तीन. 'इस्तारी झिंगू मेश्राम' एकोणसाठ खणांत मावत होता. त्याच्या बायकोला 'बेवा' धरून पंचाहत्तर लागत होते. चौसष्टाव्या खणाशी नाव कापलं जाई, तेही चिन्हाच्या मधोमध. असलं तुटकं चिन्ह डेटाबेस घेत नसे, पुरं नावच परत पाठवी. आणि निरोप्या ते परत आलेलं खिशात घालून 'पोचलं' म्हणून सांगे.

नदीमनं डोक्याला हात लावला. मग ती ओळ बदलली: नाव जेवढं लांब तेवढी जागा माग, आणि परत आलं तर ओरड. लायब्ररी नव्यानं बांधायला लावली. पडद्यावर ओळी सरकत होत्या, अर्धं काम झालं होतं आणि पंखा थांबला. बॅटरी सात मिनिटं कुंईकुंई करून मेली.

"आता कर सही," धनराजभाऊ म्हणाले.

सहाला वीज आणि चारला सभा. नदीम काळ्या पडद्याकडे पाहत बसला. सही केली असती तर त्याला कुणी काही म्हणणार नव्हतं. कम्प्युटरची चूक, माणूस काय करणार? त्याला ओसरीकडे मान वर करून बघवेना.

शेवटी त्यानं दारावरची यादी काढली, रजिस्टरचं शेवटचं पान उघडलं आणि अकरा नावं पेनानं खाली लिहून काढली. त्याखाली लिहिलं: 'ही नावं माझ्या प्रोग्राममधल्या चुकीनं गळाली होती, संस्थेनं काढलेली नाहीत.' आणि सही केली.

धनराजभाऊंनी समजावणीच्या सुरात सांगितलं, "हा कागद वडशाच्या सरकारी हापिसात जाईन. मंग तुले कोनती संस्था काम देईन?"

ते नदीमलाही ठाऊक होतं. सभेत धनराजभाऊंना एकशे त्रेचाळीस नावं वाचावी लागली. गोकुळाचं नाव घाईत वाचलं तेव्हा तिनं ते पुन्हा वाचायला लावलं.

सभा उठल्यावर ती खोलीच्या पायरीशी आली. "सात वर्सं झाली, भाऊ. तो शब्द आयकला का जीव जळते माहा. आज मीच दोनदा वाचाले लावला." ती जाता जाता थांबली. "दुसऱ्या गावच्या याद्या बी तूच केल्या ना? तिथल्या बायायले कोन सांगन?"

नदीमनं मनातल्या मनात गावं मोजली. सतरा. समोर रस्ता अजून दोन दिवस बंद होता, फोन मेलेला, आणि वीज यायला तासभर बाकी. सतराही ठिकाणी त्यानं पहिली दोन पानं तपासली होती, हार घेतला होता आणि संध्याकाळी निघाला होता. सतराही ठिकाणी बस वेळेवर आली होती.